विहीर कोणाची? कूळ-जमीनमालक वादातील मोबदला आणि अपिलाचा हक्क
(व्याख्यानाचा पाठ)



जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर कूळ कायद्याने दिले. परंतु त्या जमिनीबद्दल कोणी कोणास किती रक्कम द्यावयाची, हा प्रश्न अनेक गावांत अद्याप शिल्लक आहे. शेतजमीन न्यायाधिकरणाचा निर्णय लागतो. कोणास ठरलेली किंमत फार वाटते, कोणास फार थोडी वाटते. नाराज झालेला पक्ष "आता वर जाऊ" असे म्हणतो. मात्र वर म्हणजे कोणापुढे, किती दिवसांत आणि कोणते कागद हाती घेऊन जावयाचे, याची माहिती नसल्याने कायद्याने दिलेला हक्क हातचा निसटतो. महसूल अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य ही तीन माणसे गावाला सर्वांत जवळची. हा विषय त्यांच्यापुढे मांडण्याचे प्रयोजन तेच आहे.

संघर्षातून आलेला कायदा

कुळांचे हक्क कोणी आयते आणून दिलेले नाहीत. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा पहिला कूळ कायदा झाला. त्यानंतर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. हाच अधिनियम आज महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम या नावाने ओळखला जातो. मराठवाड्यास १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि विदर्भास १९५८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. येथे केलेले विवेचन १९४८ च्या अधिनियमापुरते आहे.

या अधिनियमात १९५६ साली मूलगामी दुरुस्ती झाली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. कायद्यातील अटी पूर्ण करणारे कूळ त्या दिवशी आपण कसत असलेल्या जमिनीचा खरेदीदार झाले, असे कायद्याने मानले. जमीनमालकांनी या दुरुस्तीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने ती वैध ठरविली. अशा रीतीने मालकी कुळाकडे आली, परंतु ती विनामूल्य आलेली नाही. जमीनमालकास तिचा मोबदला मिळावयाचा होता आणि तो ठरविण्याचे काम शेतजमीन न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले. बहुतेक ठिकाणी तहसीलदार किंवा अतिरिक्त तहसीलदार हेच न्यायाधिकरण म्हणून काम पाहतात.

इतकी वर्षे लोटल्यावर ही प्रकरणे अजून का चालतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जमीनमालक अज्ञान किंवा विधवा असल्यास, अथवा ती शारीरिक वा मानसिक दौर्बल्य असलेली व्यक्ती असल्यास खरेदीचा दिवस पुढे जातो. काही ठिकाणी कूळ आहे की नाही याच मुद्द्यावर पिढ्यान् पिढ्या वाद चालतो. काही प्रकरणे वरून फेरचौकशीसाठी परत येतात. सबब आजोबांच्या वहिवाटीची किंमत नातवाच्या हयातीत ठरते.

किंमत कशी ठरते

कलम ३२-ग अन्वये न्यायाधिकरण कुळास, जमीनमालकास व इतर हितसंबंधितांस नोटीस देते, त्यांचे म्हणणे ऐकून घेते आणि किंमत ठरविते. किंमत किती असावी याचे निकष कलम ३२-ह मध्ये आहेत. कायम कुळाच्या बाबतीत ती खंडाच्या सहापट असते. अन्य कुळांच्या बाबतीत ती जमिनीच्या आकाराच्या वीसपटीहून कमी आणि दोनशेपटीहून अधिक असू शकत नाही. या रकमेत जमीनमालकाने केलेली बांधकामे, विहिरी व बांध आणि त्याने लावलेली झाडे यांचे मूल्य, तसेच कायदेशीररीत्या येणे असलेला थकीत खंड मिळविला जातो.

वादाचे खरे मूळ या दुसऱ्या भागात आहे. जुना आकार अत्यल्प असल्याने त्याच्या दोनशेपटीनेही होणारी रक्कम आजच्या हिशेबाने फार मोठी नसते. विहिरीचे मात्र तसे नाही. समजा, एका जमिनीचा आकार १२ रुपये आहे. तिची कमीत कमी किंमत २४० रुपये आणि जास्तीत जास्त २,४०० रुपये होईल. न्यायाधिकरणाने शंभरपट धरली तर ती १,२०० रुपये भरते. आता त्या जमिनीतील विहीर जमीनमालकाने खोदली असे गृहीत धरून तिचे मूल्य ६,००० रुपये लावले, तर कुळाने द्यावयाची रक्कम ७,२०० रुपयांवर जाते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तथापि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीच्या किमतीवरून म्हणून जो वाद दिसतो, तो पुष्कळदा विहीर कोणी खोदली या एका प्रश्नाचा असतो.

ती विहीर कुळाने स्वतः खोदलेली असेल, तर आपल्याच घामाची किंमत त्याने दुसऱ्यास मोजावयाची असा प्रकार होईल. ती खरोखरीच जमीनमालकाची असेल आणि हिशेबात धरली गेली नसेल, तर त्याच्या न्याय्य मोबदल्याला कात्री लागेल. जमीनमालक म्हटला की तो धनाढ्यच असतो असे नाही. खंडाच्या चार पायल्यांवर संसार चालविणारी विधवाही कायद्याच्या भाषेत जमीनमालकच असते.

कुळास मिळणारा मोबदला

मोबदल्याचा विचार उलट दिशेनेही करावा लागतो. अधिनियमातील तरतुदींनुसार कूळवहिवाट संपुष्टात आली, तर कुळाने जमिनीत केलेल्या सुधारणांचा मोबदला त्यास मिळण्याची तरतूद कलम ४१ मध्ये आहे. तो ठरविताना चार गोष्टी पाहावयाच्या असतात : सुधारणेमुळे जमिनीचे मूल्य किती वाढले, सुधारणेची सध्याची स्थिती काय व तिचा उपयोग आणखी किती काळ होईल, कुळाने त्यासाठी किती श्रम व भांडवल घातले, आणि तिच्या बदल्यात जमीनमालकाने कुळास काही सवलत दिली होती काय. कुळाने लावलेल्या झाडांच्या मोबदल्याची तरतूद कलम १९ मध्ये स्वतंत्रपणे केली आहे. ही कामे मामलेदाराची, म्हणजे आजच्या तहसीलदाराची आहेत.

कागद पहिल्या पायरीवरच

वरील उदाहरण पुढे नेऊ. सुनावणीच्या दिवशी कूळ एकटेच हजर राहते. विहीर आपल्या वडिलांनी खोदली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, ते निराळे काय सांगावयाचे, असे त्यास वाटते. जमीनमालक मात्र "विहीर आमची" असा जबाब देतो. त्या जबाबाला उत्तर नाही आणि विरुद्ध पुरावाही नाही. न्यायाधिकरणापुढे जे येते त्यावरच न्यायाधिकरण निर्णय देते. गावाला जे ठाऊक आहे ते कागदावर आले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते.

अशा वेळी उपयोगी पडणारे कागद दुर्मीळ नसतात. विहिरीसाठी तगाई घेतली असेल, तर ती कोणाच्या नावावर होती हे तगाईच्या कागदावरून कळते. तिच्या बोज्याची नोंद सात-बाराच्या 'इतर हक्क' स्तंभात सापडू शकते. सोसायटीच्या कर्जाचे कागद, वीजजोडणीची बिले, मोट किंवा इंजिन खरेदीच्या पावत्या हे सारे पुरावेच होत. जुन्या पीकपाहणीच्या नोंदींत कोणत्या सालापासून जमीन बागायत झाली हे दिसते. ज्या गवंड्याने विहीर बांधली किंवा ज्या शेजाऱ्याने खोदाईस मदत केली, त्याचा जबाब नोंदवून घेता येतो. जागेची पाहणी करून पंचनामा करावा, अशी मागणीही पक्षकारास करता येते.

अपील कोठे व केव्हा

आदेश लागल्यानंतर पुढचा मार्ग अपिलाचा. ज्या आदेशांविरुद्ध अपील करता येते त्यांची यादी कलम ७४ मध्ये दिलेली आहे आणि हे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचे असते. प्रत्यक्षात अधिकार प्रदान केलेले उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी त्याची सुनावणी घेतात.

कलम ७९ अन्वये अपिलाची मुदत आदेशाच्या तारखेपासून साठ दिवसांची आहे. येथेच सर्वाधिक पक्षकार अडखळतात. भाताची लावणी, घरातील लग्न, आजारपण यांत दोन महिने कसे सरले हे कळतही नाही. याकरिता आदेश झाल्याचे समजताच त्याच्या प्रमाणित नकलेसाठी लेखी अर्ज करणे हे पहिले काम समजावे. नक्कल मिळण्यासाठी लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. परंतु अर्जच उशिरा केला, तर आधी वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर असते. ती तपासून पाहावी. मुदत टळल्यास विलंब माफ करण्याची विनंती करता येते. मात्र विलंबाचे पुरेसे कारण द्यावे लागते आणि त्यास शक्यतो आधारही जोडावा लागतो. "माहीत नव्हते" एवढे सांगून भागत नाही.

अपिलाच्या अर्जात आदेश अन्यायाचा आहे असे म्हणून थांबू नये. तो कोठे चुकला हे नेमके दाखवावे. नोटीस बजावली गेली नव्हती काय? एखादा सहमालक किंवा वारस पक्षकार करावयाचा राहिला काय? आकाराचा आकडा चुकीचा धरला काय? सुधारणा कोणाची यावर पुरावा असूनही आदेशात त्याचा विचार झाला नाही काय? कोणत्या दिवशीचे मूल्य धरले, हे आदेशात सांगितलेले नाही काय? बेरजेत चूक आहे काय? असा प्रत्येक मुद्दा क्रमांक देऊन, स्वतंत्र परिच्छेदात लिहावा. ज्यांच्या हिताला निर्णयाची बाधा पोहोचेल त्या सर्वांना प्रतिवादी करावे. एक नाव सुटल्याने सगळे प्रकरण मागे फिरू शकते.

उदाहरणातील कुळाने या टप्प्यावर तगाईचा कागद शोधून काढला, तर त्याचे अपील आपोआप मंजूर होईल असे समजण्याचे कारण नाही. हा कागद आधी का दाखल झाला नाही याचे समाधानकारक उत्तर त्यास द्यावे लागेल. ते पटल्यास अपील अधिकारी विहिरीच्या मुद्द्यापुरते प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवू शकतील किंवा स्वतः आदेशात फेरफार करू शकतील. आदेश कायम करणे, बदलणे किंवा रद्द करणे हे तिन्ही अधिकार त्यांना आहेत. फेरचौकशीचा आदेश झाल्यास ती कोणत्या मुद्द्यापुरती आहे हे आदेशात स्पष्ट असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. नाहीतर मिटलेले मुद्दे पुन्हा उकरले जातात.

अपील म्हणजे स्थगिती नव्हे

एका गैरसमजाचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. अपील दाखल केले म्हणजे आता पैसे भरावयास नकोत, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत घातक आहे. केवळ अपील दाखल झाल्याने मूळ आदेश थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा निराळा अर्ज करावा लागतो आणि स्थगितीचा आदेश मिळेपर्यंत किंमत एकरकमी वा हप्त्याने भरण्याची जबाबदारी कायम राहते. हप्ते थकल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते, आणि अखेरीस खरेदीच निष्प्रभ ठरण्याचा धोका उभा राहतो. विहिरीच्या किमतीसाठी भांडता भांडता जमीनच गमावावी, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही. वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी, पावती जपून ठेवावी आणि वाद असलेल्या रकमेपुरती स्थगिती मागावी, हे शहाणपणाचे आहे. किंमत पूर्ण भरल्यानंतर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळते आणि तेच खरेदीचा निर्णायक पुरावा होय.

वर जाताना अरुंद होणारी वाट

जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयानंतर कलम ७६ अन्वये महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याचीही मुदत साठ दिवसांचीच आहे. परंतु पुनरीक्षण हे दुसरे अपील नव्हे. आदेश कायद्याच्या विरुद्ध आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा निर्णीत करावयाचा राहिला आहे, किंवा कार्यपद्धतीत मोठा दोष राहून त्यामुळे न्यायाची हानी झाली आहे, या तीनच कारणांवर तेथे दाद मिळते. विहीर कोणी खोदली याची नव्याने साक्ष तेथे होत नाही. त्यापुढे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येते. मात्र तो अधिकार देखरेखीचा आहे, पुराव्याचे पुन्हा मोजमाप करण्याचा नव्हे.

म्हणजे वाट जसजशी वर जाते तसतशी ती अरुंद होत जाते. वस्तुस्थिती सांगण्याची खरी संधी तालुक्याच्या ठिकाणी पहिल्या सुनावणीत असते आणि काही अंशी जिल्हाधिकाऱ्यांपुढील अपिलात असते. "खाली काय व्हायचे ते होऊ दे, वर पाहून घेऊ" हा विचार कितीही धीराचा वाटला, तरी कूळ कायद्याच्या प्रकरणात तोच सर्वांत महाग पडतो.

चुकीचे दरवाजे

काही पक्षकार अपिलाऐवजी फेरफार नोंदीविरुद्ध तक्रार करतात. फेरफार हा न्यायाधिकरणाच्या आदेशाचा केवळ परिणाम असतो. त्याविरुद्धचे अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालते व त्यातून मूळ आदेश बदलत नाही. काही जण दिवाणी न्यायालयात दावा लावतात. परंतु या अधिनियमाखाली ज्या प्रश्नांचा निर्णय महसूल अधिकाऱ्यांनी करावयाचा आहे, ते दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहेत. दाव्यात असा प्रश्न निघाल्यास न्यायालय तो महसूल अधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठविते. ग्रामपंचायतीच्या ठरावाने तर किंमत कमीही होत नाही आणि वाढतही नाही. चुकीच्या ठिकाणी सद्‌भावनेने व तत्परतेने घालविलेला काळ मुदतीच्या हिशेबात वगळण्याची मागणी करता येते, पण ती मान्य होईलच असे गृहीत धरून चालू नये.

गावाजवळच्या तिघांचे काम

आता प्रश्न उरतो तो हा, की या साऱ्यात गावाजवळच्या माणसांनी काय करावे.

अधिकाऱ्यांच्या हाती आदेशाची लेखणी असते. आकार किती, पट किती व का, विहीर व झाडे कोणाची ठरविली आणि कोणत्या पुराव्यावरून, हे चार परिच्छेदांत लिहिलेला सकारण आदेश पुढील दहा वर्षांचे खेटे वाचवू शकतो. कारण न देता एकच आकडा लिहिलेला आदेश अपिलात टिकत नाही; आणि तो कोसळला म्हणजे ज्याच्या बाजूने लागला होता त्याचेही नुकसान होते. आदेशाच्या शेवटी अपील कोणाकडे व किती दिवसांत करता येईल, ही एक ओळ घालावयास शाई फारशी लागत नाही.

शिक्षकाकडे लोक कागद वाचून घेण्यास येतात. त्याने कायद्याचा सल्ला द्यावा अशी अपेक्षा नाही. आदेशाची तारीख दाखवून साठावा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून द्यावा, एवढे केले तरी ते पुरेसे आहे. तालुका विधी सेवा समितीची माहितीही त्याने द्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. इतरांच्या बाबतीत उत्पन्नाची मर्यादा लागू होते. हे साहाय्य महसुली न्यायालये व न्यायाधिकरणे यांच्यापुढील प्रकरणांनाही लागू आहे. गरीब कूळ असो वा एकाकी विधवा जमीनमालक, ही माहिती दोघांनाही सारखीच उपयोगाची आहे.

पंचायत सदस्यावर तर याहून नाजूक जबाबदारी येते, कारण पंचनाम्याचा पंच म्हणून बहुधा त्यालाच बोलाविले जाते. विहीर कोणी खोदली हे त्याला ठाऊक असते आणि दोन्ही पक्ष त्याचे मतदारही असतात. पाहिले तेवढेच सांगणे आणि न वाचलेल्या पंचनाम्यावर सही न करणे, हे त्याच्याकडून घडले तर अनेक अपिले उद्भवणारच नाहीत. वाद विकोपास जाण्यापूर्वी दोघांना समोर बसवून जुने कागद एकत्र पाहण्यास लावणे हेही त्याला साधण्यासारखे आहे.

कसेल त्याची जमीन, हे तत्त्व कायद्यात उतरून अनेक दशके झाली. कसणाऱ्याने दिलेला मोबदला न्याय्य असावा आणि देणाऱ्यास मिळालेला मोबदलाही न्याय्य असावा, ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे. अपिलाची तरतूद ती सांभाळण्यासाठीच केलेली आहे. तिचा उपयोग होणे न होणे मात्र विहिरीचा जुना कागद पहिल्या सुनावणीत पुढे येतो की नाही, आणि साठ दिवसांची गणना कोणी वेळेवर करते की नाही, यावर अवलंबून राहते.